पाचशेसाठ नंबरची कादंबरी

३ सप्टेंबर, मंगळवार
पोळ्याचा दुसरा दिवस

रोहिणे,

आशीर्वाद लिहायची रीत हाय म्हणून लिहिते. घ्यायचा तर घे.

तुला फोन लागत न्हाई. मला वाटलं तिकडं अंबाजोगाईला रेंज नसंल. मग मनिषानं तिच्या फोनवरून लावला तर एका दमात लागला. ती म्हणाली, मावशी, ताईनं तुमचाच नंबर बंद करून ठेवलाय. म्हणून हे पत्र. तिसरीपर्यंतची शाळा मपली, अक्षर वेडंवाकडं दिसंल, तर हसून घे. त्रिंबक गुरुजींनी कागद दिला आन तुझ्या वसतिगृहाचा पत्ता पण. तिथं तू पोरींच्या पोळ्या लाटतीस म्हणे. बरं हाय. लाटायच्याच तर सावलीत लाटलेल्या बऱ्या.

काम एवढंच हाय. काल टोळीतल्या बाया पारावर बसल्या होत्या. सुंदरबाई म्हणाली, औंदा ऊस तोडायला जाताना पुस्तकांची पेटी न्यायची. तू गेल्यापासून दोन हंगाम पेटी गेली न्हाई. वाचनालयाच्या कादंबऱ्या घालून तू ती पत्र्याची पेटी ट्रकात भाकरीच्या गठुड्याशेजारी ठेवायचीस, ते सगळ्यांच्या ध्यानात हाय. वाचणारीची भाकर दुसऱ्या बायांनी थापायची ही रीत पण ध्यानात हाय. दोन वर्षं मोबाईलवर काढली. फडात रेंज आली तर आली, चार्जिंग न्हाई, आन असलं तरी बहुतेकींचा मोबाईल नवऱ्याच्या खिशात.

मी म्हणले, गोष्टींची बारकी पुस्तकं नेऊ, लवकर संपतात. तर सगळ्या अंगावर आल्या. गोष्ट त्याच दिवशी संपती, मग दुसऱ्या दिवशी कशासाठी उठायचं, असं म्हणाल्या. कादंबरीच पायजे. उसात वाकल्या वाकल्या पुस्तकातल्या बाईचं पुढं काय होईल ह्याच्यावर भांडता येतं. हे मला ठाऊक नव्हतं. तू वाचायचीस तवा मी मोळ्या बांधत असायचे, न्हाईतर झोपलेली.

निवडणार कोण, तर सगळ्यांचं बोट मपल्याकडं. रोहिणीची आई हाय, हिला कळत असंल. जसं काय तू पोटातून वाचूनच आलीस.

तर तीन नावं लिहून पाठव. तू सहा न्यायचीस, पण मी एक पान वाचते तोवर भाकर करपती. तीन लई झाल्या. अक्षर मोठं पायजे आन पुस्तक जाड नको. दुसरं काय बोलायचं नसंल तर बोलू नको. पण दिवाळीनंतर ट्रक येईल, त्याच्या आत मला तुझ्या हातचं उत्तर पायजे.

तुझे आबा खोकतात. शेळी व्याली.

तुझी आई
सत्यभामा


२२ सप्टेंबर, रविवार

रोहिणे,

एकोणीस दिवस झाले. पोस्टमनला रोज विचारते, आता तो आपल्या गल्लीतून येणंच टाळतोय.

उत्तर न्हाई म्हणून मीच वाचनालयात गेले. ग्रामपंचायतीच्या मागची ती खोली, तुला सांगायला नको. नववीत शाळा सोडवली तवा तू तिथंच जाऊन बसायचीस, रजिस्टर लिहायचीस, पुस्तकांवर नंबर टाकायचीस. मी झाडू घेऊन तुला बोलवायला यायचे तेवढीच मपली ओळख त्या खोलीशी. गुरुजी आता थकले. चष्मा दोऱ्यानं बांधलाय. मला खुर्ची दिली. आजवर त्या खोलीत मला कुणी बस म्हणलं नव्हतं.

रोज दुपारी जाते. आजवर सात उघडल्या. सांगते काय काय निघालं ते.

निळ्या पुठ्ठ्याच्या कादंबरीत एक बाई खिडकीत उभी हाय. अकरा पानं झाली, उभीच हाय, जुन्या आठवणी काढतीय. मी गुरुजींना विचारलं, हिला घरात काही काम न्हाई का. दुसरीत एक वकील हाय, तो चहा पितो आन बोलतो. चहा काही संपत न्हाई. तिसरी शेतावरची. लिहिणारा शहरातला असावा, कारण ज्वारी काढायला आली असताना पाऊस पडतो आन सगळी माणसं हरखून जातात. मी तिथंच मिटली. चौथी राजाची. ती लई आवडली मला, घोडे बिडे चांगले पळतात, पण सातशे पानं. तो घोड्यावरून उतरंपर्यंत आमचा पाडवा होईल.

गुरुजी म्हणाले, सत्यभामाबाई, दोन पानांवरून कादंबरी कळत नसती. मी म्हणले, ऊस बुडख्याला बघून कळतो, पुस्तकाला काय धाड भरली. हसले.

मग एक चांगली निघाली. नवी सून, खाष्ट सासू, दोघींचं बोलणं एकदम आपल्या गल्लीतलं. तीस पानं वाचली मी, दोन दिवसात. मग सुनेला डोहाळे लागले. मी मिटली. त्याच्या पुढची दोन पण मिटली. गुरुजी चष्मा काढून म्हणाले, "पाळणा आला की तुम्ही पुस्तक मिटता, बाई." मी म्हणले डोळे दुखतात.

तुझे डोळे पण दुखत असतील म्हणून सांगत नव्हते, पण आता लिहितेच. हरिओम दिसला होता धारूरच्या बाजारात. नवी बायको, तिच्या खांद्यावर पोरगं. मला बघून त्यानं मान खाली घातली. मी घातली न्हाई. त्याच्या तोंडावर थुंकायला पायजे होतं, पण तोंड कोरडं पडलतं.

तू मपल्यावर राग धरून बसलीस, धर. पण तुझी गर्भपिशवी काढली ती डॉक्टरनं सांगितलं म्हणून काढली. आपण आडाणी माणसं, तो म्हणला काढा, आपण काढली. तुझा एकुलता सुरज त्यानंतर वर्षाच्या आत जाईल हे कुणाला ठाऊक होतं. फडात ताप आला, दवाखाना लांब. दुसरं लेकरू होणार न्हाई म्हणून हरिओम असा वागंल हे तरी कुणाला ठाऊक होतं. तुला हे शंभरदा सांगून झालंय.

तीन नावं. एवढंच.

आई


१३ ऑक्टोबर, रविवार
दसऱ्याचा दुसरा दिवस

रोहिणे,

काल गुरुजी सोनं द्यायला आले आन आपट्याच्या पानासंगं तुझं कार्ड हातात ठेवलं. कार्ड त्यांच्या नावानं. मी दोन्ही बाजूंनी बघितलं. "४१२, १०९, ५६०. याच क्रमाने वाचावीत. गुरुजींना नमस्कार. रोहिणी."

नावं पण न्हाईत, नुसते नंबर. तीन वर्षं होत आली तुला त्या खोलीतून जाऊन, तरी नंबर तोंडपाठ. गुरुजींचे डोळे भरले. मपले न्हाई भरले. मी दोन पत्रं लिहिली, बोटं आखडली, आन नमस्कार गुरुजींना.

तुझ्या आबांनी कार्ड मागून घेतलं. त्यांना वाचता येत न्हाई. आकड्यांवरून बोट फिरवलं, खिशात ठेवलं. परत मागितलं तर देत न्हाईत.

आज तिन्ही पुस्तकं काढून बघितली. ४१२ गावच्या इलेक्शनची, विनोदी हाय. १०९ एका मास्तरची, बारीक हाय, चालंल. ५६० मी मधूनच उघडली. चाळिसावं पान निघालं. वाचलं आन फळीवर परत ठेवलं.

ही नको. दुसरा नंबर पाठव. त्यात एक आई हाय, आन तसल्या आया टोळीतल्या बायांना ऐकवायच्या न्हाईत. दिवसभर ऊस तोडून आलेल्या बायांना हसायला पायजे.

आणखी एक. सुंदरबाईची सून मनिषा, तुझ्याच मागंपुढं करायची ती. एकवीस वर्षांची हाय, दोन लेकरं झाली. दर महिन्याला लई त्रास. गेल्या हंगामात चार-चार दिवस पाचटाच्या कोपीत पडून राहिली. नवरा-बायको मिळून एक कोयता, एक पडला की दुसऱ्याचा पण खाडा. सुंदरबाई मला म्हणाली, निघायच्या आत हिची पिशवी काढून टाकू, तू संगं चल, तुला सगळं माहीत हाय. मपली स्वतःची सव्विसाव्या वर्षी काढलेली, तुझी बाविसाव्या. म्हणून मी जाणकार.

मी बघू म्हणले.

दुसरा नंबर पाठव. ह्यावेळी मपल्या नावानं पाठव.

आई


५ नोव्हेंबर, मंगळवार

रोहिणे,

उद्या पहाटे ट्रक. आठ दिवस आधीच आला, मुकादमाला घाई. तुझा दुसरा नंबर काही आला न्हाई.

मी पेटीत दोनच पुस्तकं भरली होती. ५६० गुरुजींना परत दिली, म्हणले हिची गरज न्हाई. गुरुजी म्हणाले, यादी रोहिणीनं केलीय, एक काढली तर यादी मोडती. मी म्हणले मोडू द्या. संध्याकाळी मनिषा ती कादंबरी छातीशी धरून दारात उभी. "ताईनं सांगितलंय तर येऊ द्या, मावशी. तुमाला जड झाली तर मपल्या गठुड्यात घालते." आठवी शिकलेली हाय ती, मपल्यापेक्षा चौपट वाचती. पण सुंदरबाई तिला पुस्तक धरू देत न्हाई. सून वाचायला बसली तर पोरांना कोण बघणार. पेटीत घालायच्या निमित्तानं पोरीनं पुस्तक हातात तरी घेतलं, तेवढ्यानंच तिचं तोंड उजळलं. घेतली.

मनिषाचं ऑपरेशन राहिलं, ट्रक आधी आला म्हणून. तेवढंच बरं झालं. सुंदरबाई म्हणती तिकडं सांगलीकडं पण डॉक्टर हायेत.

आता तुला सरळ विचारते. ५६० कावून निवडलीस? वाचनालयात बाराशे पुस्तकं हायेत. सात मी उघडली, त्यात तसली आई एकीत पण नव्हती. तू शोधून काढलीस.

तुला कुणी काय सांगितलं का? त्या दवाखान्यातली नर्स तिकडं अंबाजोगाईला लागली काय? तिनं काय सांगितलं असंल तर तिला अर्धंच ठाऊक हाय. मला विचार. मी जिती हाय अजून.

तिकडचा पत्ता मागं लिहिलाय, कारखान्याच्या गट ऑफिसचा.

आई


१ डिसेंबर, रविवार
फडावरून

रोहिणे,

थंडी लई हाय. बोटं फुटलीत, म्हणून पेन नीट धरता येत न्हाई.

तुझ्या ४१२ चं सांगते. मी वाचायला बसले पहिल्याच संध्याकाळी. चुली पेटल्या, बायांनी मपली भाकर थापली, मी कंदिलाजवळ बसून बोट ठेवून ठेवून वाचलं. दीड पान. दुसऱ्या दिवशी दोन. दहा दिवस झाले तरी त्या गड्याचा इलेक्शनचा फॉर्म भरून होईना. सुंदरबाई म्हणाली, "सत्यभामे, हा फॉर्म भरंल तवर मतमोजणी होऊन जाईल, दुसरं काढ." बाया हसल्या. पुस्तकापेक्षा मपल्या वाचण्यालाच जास्त हसल्या.

मग कुणाला काही न विचारता मनिषानं ५६० चं पहिलं पान तोंडपाठ सांगितलं. गुपचूप वाचलं असंल भांडी घासताना. मागावर लुगडी विणणाऱ्यांची वस्ती, तिथली सात वर्षांची पोर, तिची लांबसडक बोटं. मागाचा मालक म्हणतो ही बोटं गाठी मारायला चांगली, पुढच्या वर्षी हिला बसवा. बाया थांबल्या. चुलीवरची भाकर थांबली. मग काय, तीच पायजे सगळ्यांना.

बावीस पानं झालीत. उसात दिवसभर त्याच वस्तीची चर्चा. कुणी म्हणतं मालक पोरीला नेणार, कुणी म्हणतं बाप आडवा पडंल. मला विचारतात, तुला पुढचं माहीत हाय का. मी न्हाई म्हणते.

आता वाचायला जमतंय मला, रोहिणे. सरावानं जमतं. पण मी मुद्दाम हळू वाचते. अक्षर कळलं तरी अडते. परवा डोकं दुखतंय म्हणाले, काल कंदिलात तेल न्हाई म्हणाले. अठरा पानं राहिलीत त्या पानाला. रोज मोजते.

तू लिही की बंद कर. एका ओळीचं कार्ड टाक, बायांना दाखवते आन पुस्तक पेटीत ठेवते. तू सांगितलं तर ऐकतील त्या.

मनिषा उसात वाकती आन पोट धरून तशीच बसती. तिची मोळी मी बांधते. सुंदरबाई बघती आन काही बोलत न्हाई, म्हणजे तिनं ठरवलंय.

आई


१५ डिसेंबर, रविवार

रोहिणे,

हे पत्र मोठं होईल. भाकर झाली, वाचन आज न्हाई, वेळ हाय.

गुरुवारी चाळिसावं पान आलं. एकोणचाळीस वाचून झालं आन मी दोन पानं एकदम उलटली. थुंकी लावून, सफाईनं. बेचाळीस वाचायला लागले. मनिषा मपल्या मागं लेकराला पाजत बसली होती. खांद्यावरून म्हणाली,

"मावशी, पान राहिलं."

मी म्हणले चिकटलं असंल. परत मागं आले. वाचलं.

तुला पाठ असंल, तरी लिहिते. आईला पोरगी मागावर बसायला नको. ती स्वतः बसून बसून वाकलीय, डोळे गेलेत. ती पोरीला उखळाजवळ बसवती. म्हणती, बाळा, आत दाणे बघ किती राहिलेत. पोरगी हात घालती. आई मुसळ टाकती. तीन बोटं जातात. वस्तीला सांगती, खेळता खेळता पडलं. पोरीला पण तेच सांगती.

मी एकदा पण अडले न्हाई. सगळं पान एका दमात वाचलं.

मग पारूच्या आईनं नाक ओढलं. सुंदरबाई म्हणाली, तिनं पोरीच्या भल्यासाठीच केलं, मागाखाली मरण्यापेक्षा तीन बोटं गेलेली बरी. मनिषा हळूच म्हणाली, पोरीला विचारायला पायजे होतं. सुंदरबाई तिच्यावर खेकसली, सात वर्षांच्या पोरीला काय विचारायचं असतं.

तवा मी म्हणले, "मपली बावीसची होती."

कशी बोलले ठाऊक न्हाई. बोलायचं ठरवलं नव्हतं. एकदा बोलले आन मग सगळं बोलले. जे त्यांना सांगितलं ते तुला सांगते. आधी तुला सांगायला पायजे होतं, पण तू समोर नव्हतीस, त्या होत्या.

तू बाहेर बाकड्यावर बसली होतीस, सुरज मांडीवर झोपलेला. सोनोग्राफीचा कागद घेऊन मी एकटी आत गेले. डॉक्टर कागद बघून म्हणला, काही विशेष न्हाई, रक्त कमी हाय. तीन महिने गोळ्या द्या, जड काम देऊ नका, अंगावरून जातंय ते थांबंल. पिशवी काढायची गरज न्हाई, वय लहान हाय.

असं म्हणला तो. डॉक्टर असं म्हणला.

मी म्हणले, गोळ्या नको, काढा. तो म्हणला पोरीला विचारा. मी म्हणले पोरगी तयार हाय. तो म्हणला अजून लेकरं होतील. मी म्हणले एक मुलगा हाय, बस झालं, चार दिवसांनी ट्रक हाय, तीन महिने हिला कोण बसवून ठेवतंय. लई हुज्जत घातली मी. शेवटी त्यानं कागद पुढं सरकवला आन मी तिथं सही केली, सत्यभामा, चार अक्षरं. सही त्या एका कामाला आली मपल्या जन्मात.

मग बाहेर आले आन तुला म्हणले, डॉक्टर म्हणतोय आत गाठ हाय, काढली न्हाई तर कॅन्सर होईल. तू रडलीस. मी म्हणले रडू नको, मपली पण काढली, मी चालते न्हाई का.

का केलं ते पण लिहिते. माफ कर म्हणायला न्हाई लिहीत. सोळा वर्षांची असल्यापासून फडात उभी हाय मी. तसल्या दिवसांत डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढले, पायावरून खाली काय वाहतंय ते खालचा गडी बघतोय, मी वर बघतीय. पिशवी काढली तवा मला वाटलं सुटले. कंबर गेली, दात हलले, तरी सुटलेच वाटलं. तुला पण सुटवायचं होतं. तुझं लग्न सोळाव्याला केलं तवा पण असंच वाटलं होतं, कोयता तयार होईल, पोरगी मार्गी लागंल. आमच्यात दुसरं सुटणं कुणी दाखवलं न्हाई मला.

सुरज गेल्यावर तू एकदाच विचारलंस, आई, डॉक्टर नक्की काय म्हणला होता. मी तेच कॅन्सरचं सांगितलं. तू मपल्याकडं बघत राहिलीस. त्याच आठवड्यात अंबाजोगाईला गेलीस. तवाच तुला कळलं होतं ना? मी तीन वर्षं समजत होते की तू नशिबावर रुसलीस.

बायांना एवढं सगळं सांगितलं. कुणी शिवी दिली न्हाई. दिली असती तर बरं झालं असतं. एकेक उठून भांडी घासायला गेली. सकाळी उसात सुंदरबाई मपल्या ओळीला आली, उसाच्या शेंड्याचं वाढं कापता कापता म्हणाली, "रात गई, बात गई, सत्यभामे. पण मला एक सांग. दर महिन्याचं तुझ्या पोरीचं दुखणं थांबलं का न्हाई?"

मी म्हणले थांबलं.

ती म्हणाली, मग झालं तर. येत्या सोमवारी, तेवीस तारखेला, मनिषाला नेणार. जीप ठरवलीय. मी म्हणले, सुंदरे, आधी गोळ्या देऊन बघ. ती म्हणाली, गोळ्या घेऊन बसायला सांग तुझ्या मुकादमाला.

म्हणून लिहितेय. मपल्या बोलण्याला आता किंमत न्हाई, ज्या तोंडानं एकदा काढा म्हणले त्याच तोंडानं नको म्हणतीय. पण तुझं ऐकंल मनिषा. तुझ्याजवळ तिचा नंबर हाय. मी तिच्या फोनवरून लावला तर मपला आवाज ऐकून तू ठेवशील. तेवीस तारखेच्या आत तिला फोन कर. मपल्याशी बोलू नको.

आई


२४ डिसेंबर, मंगळवार

रोहिणे,

तू फोन ठेवल्यावर लगेच लिहायला बसले. मला तुझ्याशी जे बोलता आलं न्हाई ते लिहिते.

काल सकाळी जीप आली. मनिषा स्वच्छ पातळ नेसून बसली. मी जीपच्या दारात आडवी झाले. सुंदरबाई काही बोलायच्या आत मनिषाच म्हणाली, "मावशी, तुमी सांगितलं ते मी सगळं ऐकलं. रोहिणीताईचं लई वाईट झालं. पण मला दोन लेकरं हायेत, आन मला आता उभं राहवत न्हाई. तुमी मला सांगा, मी दुसरं काय करू?"

मागं ऊस होता, पुढं ऊस होता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी बाजूला झाले.

तिची दोन्ही लेकरं मपल्याकडं ठेवली हायेत आन त्यांना गप करायला तिचा फोन. म्हणून आज दुपारी तो वाजला तवा मपल्या हातात होता. तुझं नाव आलं. मी हिरवं दाबलं आन तोंड उघडायच्या आत तू बोलायला लागलीस. मनिषा ऐक, अजून गेली नसशील तर जाऊ नको, मी इथं सरकारी दवाखान्यात विचारून आलेय, मोठ्या डॉक्टरबाई हायेत, गोळ्यांनी थांबतं, तू पोरांना घेऊन इकडं ये, मी ठेवून घेते. किती भरभर बोललीस. तू असं बोलायचीस लहानपणी, शाळेतून आल्यावर. मी ऐकत राहिले. मला थांबवायला पायजे होतं तुला, पण मी ऐकत राहिले.

मग तू म्हणालीस, "मनिषा?"

मी म्हणले, "काल नेली."

तू आवाज ओळखलास. तुझ्या मागं पोळपाट वाजत होतं, कुणीतरी तुला ताई म्हणून हाक मारली. मग फोन बंद झाला.

बायांनी कादंबरी पुरी करायला नको म्हणलंय. त्या पोरीचं पुढं काय झालं हे आता कुणी विचारत न्हाई. पुढच्या हंगामाला पेटी न्यायची न्हाई असं पण ठरलं, आता कुणाला ऐकायचं न्हाई. पुस्तकं परत आणून देईन गुरुजींना. नंबर न्हाई हरवणार.

तुला वाटत असंल की आईनं पत्र उशिरा लिहिलं. पंधरा तारखेला लिहून सोळाला सकाळी मुकादमाच्या हातात दिलतं. तो म्हणला आजच टाकतो. शनिवारी त्यानं सदरा धुवायला टाकला, तवा ते खिशात निघालं. पाच दिवस खिशातच होतं. मग टाकलं.

पोस्ट इथून सहा किलोमीटर हाय. सोळा तारखेला मी स्वतः चालत जाऊन टाकलं असतं तर तुला शुक्रवारपर्यंत मिळालं असतं. मी निघाले पण होते. डोक्याला फडकं बांधलं, पत्र कमरेला खोचलं. तुझे आबा कोयता घेऊन ओळीत उभे राहिले होते. म्हणाले, तू गेलीस तर आपल्या कोयत्याचा आज खाडा पडंल.

म्हणून परत आले.

सत्यभामा